खुर्ची पायांसाठी नव्हती

माझ्या यजमानांची वाचा गेली तेव्हा त्यांच्यापाशी एकच शब्द उरला. तो शब्द होता 'व्हय'.

हा शब्द ते माझ्याशी कधी बोलत नसत. त्यांचं गाव गुंजवण्याच्या अलीकडे, राजगडाच्या पायथ्याला. तिथं आईशी, भावांशी ते आमी-तुमी, व्हय-न्हाई असंच बोलायचे. भोरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर झाले आणि त्यांनी दुसरी भाषा अंगाला लावून घेतली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" हे वाक्य त्यांनी किती हजार वेळा म्हटलं असेल कोण जाणे. मी तेव्हा गावातल्या ग्रंथालयात होते. दुपारी पुस्तकांना क्रमांक घालत बसले की स्टँडवरच्या कर्ण्यातून त्यांचा आवाज ऐकू यायचा. वेल्ह्याची गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, महाडची का उशिरा आहे, हे मला बसल्या जागी कळत असे. मी शिकलेली, म्हणून माझ्याशीही ते तीच कर्ण्यातली शुद्ध भाषा बोलत. लग्नाला तीस वर्षं झाली तरी त्यांनी ती सोडली नाही. झटका आला तेव्हा ही शिकलेली भाषा सगळीच्या सगळी गेली आणि आईकडून आलेला एक शब्द मागं राहिला. त्याच्या जोडीचा 'न्हाई'सुद्धा राहिला नाही.

ते निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. गणपती नुकतेच उठले होते. सकाळी आरशासमोर दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा खाली पडला. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "व्हय." मला वाटलं, थट्टा करताहेत.

पुण्याच्या इस्पितळात अठरा दिवस काढले. उजवा हात आठवड्याभरात पहिल्यासारखा हलायला लागला. पायाला तर काही झालंच नव्हतं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "त्यांना समजतं बरंचसं. म्हणायचं काय आहे तेही आत असतं. बाहेर पडताना मात्र तेवढा एकच शब्द पडतो. लिहायला दिलं तरी अक्षरं जुळत नाहीत. तो त्यांच्या मनातला असेलच असं समजू नका."

"म्हणजे नाही म्हणायचं असलं तरी हो येणार?"

"तरी तेच येणार."

"मान हलवता येते की त्यांना."

"मानसुद्धा शब्दामागं जाते, बाई. बघाल तुम्ही."

मी पाहिलं. माझे दीर गावाहून भेटायला आले होते, जाऊबाई बरोबर होत्या. त्यांनी भजी तळली. दीर एकेक भजं पुढं करत विचारत होते, "दादा, आनखी येक?" हे म्हणत, "व्हय." "आनखी?" "व्हय." मी चहा घेऊन बाहेर आले तोवर नऊ भजी झाली होती. दीर खुशीत होते. "वहिनी, दादा बरा झाला बरं का! आजारी मानूस यवढं खात न्हाई." आणि यांच्या तोंडात दहावं भजं होतं, डोळ्यांत पाणी. त्या दिवसापासून मी त्यांच्या शब्दाकडं लक्ष देणं सोडलं आणि चेहरा वाचायला लागले. नको असलं की भुवया वर जात आणि नजर माझ्या खांद्याच्या पलीकडं कुठंतरी लागे. हवं असलं की माझ्याकडंच पाहत. मी पुस्तकांत आयुष्य काढलेली बाई. पण हे वाचन मला अवघड गेलं. एकदा बघून भागत नसे, दोनदा-तीनदा बघावं लागे.

बाहेरच्यांना काही दिसत नव्हतं. पूर्वीसारखेच ताठ चालायचे, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. चौपाटीच्या चौकापर्यंत फिरायला जाऊन यायचे. वाटेत कुणी विचारी, "साहेब, बरं हाय का?" "व्हय." "पोरगी मजेत?" "व्हय." इथपर्यंत ठीक चाले. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "साहेब, महाडची कितीला सुटती आता?" हे म्हणाले, "व्हय." त्यानं पुन्हा विचारलं, यांनी पुन्हा तेच सांगितलं. तो माझ्यादेखत पिशवी खांद्यावर टाकून निघाला आणि जाता जाता सोबतच्या बाईला म्हणाला, "बघितलंस? रिटायर झाल्यावर लई माज आलाय." आम्ही घरी आलो तेव्हा हे बराच वेळ चपला न काढता ओट्यावर बसून राहिले. महाडच्या गाडीची वेळ त्यांना ठाऊक होती. मला खात्री आहे.

आता मी जे केलं ते सांगायला हवं.

आमची एकुलती मुलगी लग्नानंतर मस्कतला गेली होती. दोन वेळा तिचा गर्भपात झाला होता. तिसऱ्या वेळेस तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, अंथरुणातून उठायचं नाही, आणि मनाला धक्का बसेल असं काही होऊ द्यायचं नाही. बाबांना झटका आला तेव्हा तिला तिसरा महिना होता. मी तिला सांगितलं, बाबांना ताप आहे, म्हणून पुण्याला नेलं आहे. नंतर सांगितलं, ताप उतरला. पुढं काय सांगायचं ते मी ठरवलंच नव्हतं. ठरवायची गरज पडली नाही, कारण त्या एका शब्दानं माझं काम सोपं केलं.

तिकडं शुक्रवारी सुट्टी. दर शुक्रवारी तिचा फोन यायचा.

"बाबा, बरे आहात ना?"

"व्हय."

"औषध वेळेवर घेता?"

"व्हय."

"माझी आठवण येते का?"

"व्हय."

ती हसायची. "आई, बाबा हे गावाकडचं कधीपासून बोलायला लागले? आणि किती कमी बोलतात!"

मी म्हणायचे, "निवृत्त झाल्यापासून त्यांना गावाची ओढ लागली आहे. आणि फोनवर ते पहिल्यापासून कमीच बोलतात." ज्या माणसाचा आवाज अर्ध्या भोरानं तीस वर्षं ऐकला, त्याच्याबद्दल मी हे बोलत होते.

त्यांना हे पसंत नव्हतं. हे मी आज लिहिते आहे, पण मला ते तेव्हाही कळत होतं. मी फोन खाली ठेवायला लागले की ते माझं मनगट धरत. एका शुक्रवारी त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात परत दिला, स्वतःच्या ओठांवर बोट टेकवलं आणि तेच बोट रिसीव्हरवर टेकवलं. दोनदा. सांग तिला. मी म्हणाले, "अहो, आत्ता नको. सुखरूप बाळंत होऊ दे, मग सांगू." ते म्हणाले, "व्हय." भुवया वर गेल्या होत्या.

सातव्या महिन्यात तिला जरा हिंडायफिरायची परवानगी मिळाली आणि तिनं हट्ट धरला, बाळंतपणाला दोघंही या. पासपोर्ट आम्ही ती गेली त्याच वर्षी काढून ठेवले होते. जावयांनी पुण्याच्या एका एजंटाकडून तिकिटं काढायची व्यवस्था केली. एजंटाचा मला फोन आला. चांगला माणूस होता. म्हणाला, "साहेबांचं वय साठीच्या आसपास आहे, तर विमानतळावर मदत लिहू का? व्हीलचेअर मिळते, बरोबर माणूस येतो, रांगेत उभं राहावं लागत नाही. काही त्रास असेल तर सांगा."

मी विचारलं, "ते तिकिटावर येतं का?"

"येतं ना. बुकिंग ज्यांनी केलंय त्यांनाही दिसतं."

मी म्हणाले, "काही त्रास नाही. पाय चांगले आहेत त्यांचे."

पाय चांगले होते, हे खरंच होतं.

सगळे कागद होईपर्यंत तिला नववा महिना लागला. दुपारचं विमान होतं. आम्ही फटफटायच्या आधी भोर सोडलं. आमच्या आळीतला एक मुसलमान गाडीवाला होता, त्याची सुमो घेतली होती. त्याच्या वडिलांपासून आमच्या घरी येणंजाणं. यांचं काय झालं आहे ते आळीत ज्या चार-पाच जणांना नीट ठाऊक होतं, त्यांतला तो एक. सबंध रस्ताभर तो यांच्याशी एकटाच बोलत होता. "साहेब, तिकडं उंटाचं दूध पितात म्हनं. पिणार का?" "व्हय." "बघा वहिनी, जायच्या आधीच अरबी झाले!" हे मोठ्यानं हसले. हसणं त्यांचं गेलं नव्हतं. विमानतळाच्या दारात सामान उतरवताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, आत कुणाला तरी सांगून ठेवा बरं का. हितं आपल्याला सगळे वळखतात. तिथं कोन वळखनार?"

मी म्हणाले, "मी आहे ना बरोबर."

सामान देताना मी होते. शिक्का मारायच्या खिडकीशीही मी पुढं होऊन बोलले. फॉर्म मीच भरले होते. मग तपासणीची जागा आली आणि तिथं बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. हे मला ठाऊक नव्हतं. मी कधी विमानात बसलेच नव्हते. एका बाईनं मला पडद्याआड बोलावलं. मी यांना खूण केली, थांबा, आलेच. ते म्हणाले, "व्हय." माझ्याकडं बघूनच म्हणाले.

पडद्याआड फार वेळ गेला नसेल. बांगड्या, मंगळसूत्र, पर्स. बाहेर आले तर ते नव्हते. पट्ट्यावरून आमची हातातली पिशवीही आली नव्हती. मी आधी जिथं त्यांना सोडलं होतं तिकडं पाहिलं, मग पुढं पाहिलं. सगळीकडं माणसं बूट घालत होती, पट्टे आवळत होती. मला हाक मारायची होती आणि नवऱ्याला नावानं हाक मारायची मला सवय नव्हती. 'अहो' म्हणून ओरडले. तीन अनोळखी पुरुषांनी वळून पाहिलं.

काय घडलं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. तपासणीच्या जवानानं त्यांना हिंदीत विचारलं होतं, "चाकू, कैंची, कुछ है?" हे म्हणाले, "व्हय."

त्याला ऐकू आलं, "है."

"कहाँ है? बैग में है?"

"व्हय."

"किसी ने दिया है?"

"व्हय."

आता तो बिचारा काय करणार? समोर साठीचा, धडधाकट, कपडे नीटनेटके असलेला गृहस्थ उभा आहे आणि शांतपणे सांगतो आहे की चाकू आहे, पिशवीत आहे, आणि कुणीतरी दिला आहे. त्यांना बाजूला एका फळीच्या आडोशामागं नेलं होतं. मी पोचले तेव्हा आमची पिशवी एका टेबलावर उलटी केलेली होती. डिंकाचे लाडू, अहळिवाची पुडी, भाटघरच्या एका ओळखीच्या घरून आणलेला आंबेमोहोर तांदूळ, धुतलेल्या जुन्या लुगड्याची बाळाची दुपटी. आणि या सगळ्याच्या मधोमध त्यांचा अडकित्ता.

मी तो पिशवीत ठेवला नव्हता. सुपारी डॉक्टरांनी बंद केली होती. त्यांनी तो मला न दाखवता दुपट्यांच्या घडीत सरकवला असणार. म्हणजे चाकू आहे का या प्रश्नाचं उत्तर अगदीच खोटं नव्हतं. एरवी मला हसू आलं असतं.

"और क्या है?" अधिकारी विचारत होता.

"व्हय."

"अरे क्या है, बोलो ना!"

"व्हय. व्हय." त्यांच्या कपाळावर घाम होता. भुवया पार वर गेल्या होत्या आणि ते वाचणारं माझ्याशिवाय तिथं कुणी नव्हतं.

मी मध्ये शिरले. माझं हिंदी पुस्तकी. "ये मेरे पति हैं," एवढं म्हणाले आणि पुढचं वाक्य येईना. सहा महिने जी गोष्ट मी लपवली होती ती परक्या भाषेत, चार परक्या माणसांसमोर कशी सांगायची ते मला सुचलं नाही. मी म्हणाले, "वो ठीक हैं. बिलकुल ठीक हैं." सवयच पडली होती.

अधिकारी म्हणाला, "ठीक हैं तो जवाब क्यों नहीं देते?"

तेव्हा शेजारून कुणीतरी मध्ये बोललं. "सर, एक मिनिट." पन्नाशीचा एक माणूस होता, निळसर गणवेश, समोर रिकामी व्हीलचेअर. कुणाला तरी सोडून परत चालला असावा. तो यांच्याकडं पाहत होता. "सर, ये 'है' नहीं बोलता. ये 'व्हय' बोलता है. हमारे उधर गाँव में ऐसे बोलते हैं." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "कुठले तुमी?"

"भोर."

"मग जवळचेच की. मी शिरवळचा." तो यांच्या जवळ गेला. "बाबा, चहा घेणार?"

"व्हय."

"तुमी आत्ता झोपलाय का?"

"व्हय."

त्यानं अधिकाऱ्याकडं पाहिलं आणि हात पसरले. मग मला हळू आवाजात विचारलं, "बोलता येत न्हाई ना त्यांना?"

मी म्हणाले, "नाही. फक्त तेवढंच येतं." उघड्या जागी हे मी पहिल्यांदा बोलले. इस्पितळाचे कागद पर्समध्ये होते ते काढून दिले. अधिकाऱ्यानं ते वाचले, पुन्हा यांच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "माताजी, पहले बताना चाहिए था. देखने में तो एकदम अच्छे हैं. हमको कैसे पता चलेगा?"

अडकित्ता अधिकाऱ्यानं ठेवून घेतला. बाकी सामान मी पिशवीत भरायला लागले, तेव्हा तो शिरवळचा माणूस तांदूळ गोळा करायला खाली बसला. तांदळाची पिशवी फुटली होती.

"बाई, खुर्ची घ्या," तो म्हणाला.

"त्यांचे पाय चांगले आहेत हो. राजगड चढलेला माणूस आहे."

"पायासाठी न्हाई सांगत." तो दाणे वेचतच बोलत होता. "रोज बघतो मी. चालणाऱ्या माणसाला लोक प्रश्न इचारतात. खुर्चीतल्याला कुणी इचारत न्हाई, ढकलणाऱ्याला इचारतात. अजून दोन ठिकाणी इचारणार हायेत, मग उतरल्यावर तिथं. तिथं तर व्हय कुणालाच कळायचं न्हाई."

मी यांच्याकडं वळले. "अहो, बसता का?"

"व्हय," ते म्हणाले. नजर माझ्या खांद्याच्या पलीकडं गेली.

मला चेहरा वाचता येत होता. मी शब्द घेतला. "हो म्हणाले," असं मी त्या माणसाला सांगितलं आणि यांचा दंड धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

त्या माणसाचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. पुढं कुणी यांना एकही प्रश्न विचारला नाही. "इनका पासपोर्ट?" त्याला विचारत. "ये कहाँ जा रहे हैं?" मला विचारत. यांच्या डोक्यावरून सगळं बोलणं होत होतं. पहिल्या खिडकीशी त्यांनी तोंड उघडलं होतं. दुसऱ्या ठिकाणी उघडलं नाही. हात मांडीवर ठेवून ते समोर बघत बसले. ढकलणारा माणूस वाकून त्यांच्याशी काहीबाही बोलत होता, शिरवळच्या स्टँडबद्दल, नव्या रस्त्याबद्दल. त्याला यांनी उत्तर दिलं नाही. इतका मोठा शब्दांचा माणूस, उरलेला एक शब्दही त्यांनी त्या खुर्चीत खाली ठेवला, असं मला वाटलं.

दाराशी विमान कंपनीच्या मुलीनं कागद काढला. कसली मदत, ते त्यावर लिहायचं होतं. चालता येत नाही, पायऱ्या चढता येत नाहीत, दिसत नाही, ऐकू येत नाही, असे प्रकार होते. बोलता येत नाही असा नव्हता. शिरवळचा माणूस आणि ती मुलगी बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिले. शेवटी तिनं 'ऐकू येत नाही' यावर खूण केली. "त्यातल्या त्यात जवळचं हे आहे, बाई," तो म्हणाला. मी त्याचे हात धरले. त्यानं यांना वाकून नमस्कार केला, खुर्ची दुसऱ्याच्या हाती दिली आणि गेला.

त्या चुकीच्या खुणेमुळं विमानात एक गोष्ट घडली. हवाई सुंदरीनं यांना बहिरे समजून काहीच विचारलं नाही. तिनं दोन्ही हातांत जेवणाची दोन ताटं धरली, झाकणं उघडली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरून थांबली. घाई केली नाही. हे दोन्हीकडं पाहत राहिले आणि मग त्यांनी बोट उचलून डावीकडच्या ताटावर ठेवलं. मला सहा महिन्यांत हे सुचलं नव्हतं. मी विचारत होते आणि चेहरा वाचत होते. त्यांच्यापुढं दोन गोष्टी धरून थांबावं, हे एका परक्या मुलीनं चुकून शिकवलं. पुढं घरी मी दोन सदरे, दोन भाज्या, दोन वर्तमानपत्रं अशीच धरू लागले. पण त्या वेळी खिडकीकडं तोंड करून मी रडले.

मस्कतला खुर्ची दारातच तयार होती. तिकडं संदेश गेला होता. काचेचं दार उघडलं आणि कठड्यापलीकडं आमची मुलगी दिसली. नवव्या महिन्याचं पोट, एक हात कमरेवर, दुसरा वर केलेला. मग तिला खुर्ची दिसली. वर केलेला हात तसाच राहिला.

"बाबा! पायाला काय झालं?"

"व्हय."

"मुरगळला का? विमानात?"

"व्हय."

"आई, काय झालंय यांच्या पायाला?"

आणि हे खुर्चीतून उठले. स्वतःहून उठले, ढकलणाऱ्याचा हात बाजूला केला, कठड्याला वळसा घालून तिच्यापाशी चालत गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती त्यांच्या पायांकडं बघत होती. मग माझ्याकडं बघायला लागली. जावई सामानाच्या गाडीशी थबकले. मी तिथंच, माणसांच्या गर्दीत, सगळं सांगितलं. मी जिला सहा महिने जपलं होतं ती पडली नाही, तिला भोवळ आली नाही. तिनं फक्त विचारलं, "गणपतीपासून?"

गाडीत ती बाबांचा हात धरून बसली होती. माझ्याकडं तिनं पाठ केली होती. घरी पोचल्यावर मी दिवाणखान्यात पिशवी उघडून बसले, लाडू फुटले होते ते डब्यात भरायला. तेव्हा ती बोलली.

"दर शुक्रवारी मी फोन करत होते. मी कुणाशी बोलत होते, आई?"

मी म्हणाले, "तुझ्या जिवाला काही होऊ नये म्हणून."

"माझ्या पोटात मूल आहे. मला काही कळत नाही असं नाही. माझा बाप मुका झाला आणि मी त्यांना विचारत होते, औषध घेता का!" तिचा आवाज चढला. जावई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, "अगं, जरा सावकाश," तर तिनं त्यांना हातानं थांबवलं. मला वाटलं, आता ती मला जे म्हणेल ते मला आयुष्यभर ऐकू येत राहील. ती म्हणाली नाही. ती यांच्या पायाशी खाली बसली, जड अंगानं, आणि त्यांच्याकडं बघून विचारलं, "बाबा, तुम्हीच सांगितलंत ना आईला? मला कळू देऊ नको म्हणून?"

"व्हय," ते म्हणाले.

तिनं त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं आणि रडली. राग तिथंच संपला. हा शब्द मनातला नसतोही, हे मी तिला सांगितलं होतं, पण तिला तो मनातलाच हवा होता. बापानं लेकीला जपण्यासाठी आईला गप्प बसवलं, हे तिला समजू शकत होतं. मी डब्यात लाडू भरत होते. मी वर पाहिलं नाही. सहा महिने ज्या चेहऱ्याकडं मी दर प्रश्नाला बघत आले, त्याच्याकडं त्या एका प्रश्नाला बघितलं नाही. त्यामुळं तो नेहमीसारखा हातून सुटलेला शब्द होता, की माझ्यावरचं त्यांनी समजून-उमजून अंगावर घेतलं, हे मला माहीत नाही. आता कळायचंही नाही.

नात झाली, सुखरूप. तीन महिन्यांनी आम्ही परत आलो. परतीच्या तिकिटावर मुलीनं स्वतः मदत लिहून घेतली आणि बाबांना काय होतं ते इंग्रजीत टाइप करून त्यांच्या खिशात कार्ड ठेवलं. त्या वेळी ते खुर्चीत बसले नाहीत. खुर्ची शेजारून रिकामी ढकलत माणूस चालला, ते स्वतः कार्ड हातात धरून त्याच्या बरोबरीनं चालले. तेही चालतं, असं कळलं.

त्यानंतर दोन वर्षांनी दुसरा झटका आला आणि ते गेले. मुलगी नातीला घेऊन आली. दिवस करायला गावी होतो. बायका बसल्या होत्या तेव्हा जाऊबाई मला म्हणाल्या, "यवढी गोष्ट लेकीपासनं लपीवलीत तुमी? माझं तर काळीज झालं नसतं." मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "काकी, आईला काही बोलू नका. बाबांनीच तिला अडवलं होतं. मी स्वतः विचारलंय त्यांना." जाऊबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "व्हय गं बाई, दादा तसंच हुतं." मी खाली बघून सुपारीची खांडं निवडत राहिले.

ती आता दर शुक्रवारी मला फोन करते. "आई, बरी आहेस ना?" "हो." "जेवलीस?" "हो." किती शुक्रवार मी ठरवलं, आज सांगायचं. तिचे प्रश्न संपतात, माझे होकार संपतात आणि फोन ठेवला जातो. समोर कुणी काही विचारत नसलं की मला थोडं नीट बोलता येतं, म्हणून हे कागदावर सावकाश लिहिलं. बरेच महिने लागले. हे मी तिला पोस्टानं पाठवणार आहे.

बाई, तुझ्या बाबांनी मला अडवलं नव्हतं. तुला कळावं असं त्यांना वाटत होतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवून ते फोनवर ठेवलं होतं, दोनदा. लपवलं ते मी.